हीटर बिघडतो मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

ग्वाल्हेरात हीटरची आठवण होते ती डिसेंबर अर्धा सरल्यावर. पहाटे आग्र्याला निघावं, मुरैना गाठेपर्यंत धुकं दाटलेलं, काच आतून पांढरी, आणि हीटरची दांडी लाल खुणेपर्यंत सरकवूनही पायांवर गार वाराच. आजच नेमका दगा दिला, असं वाटतं. खरं तर तो केव्हाच गेलेला असतो. जुन्या गाडीत हीटर हे वेगळं यंत्र नाही; इंजिन गार ठेवणारं पाणी ज्या वाटेनं फिरतं, त्या वाटेचाच तो एक फाटा आहे. त्यामुळे 45 अंशांच्या उन्हात ‘गाडी गरम मारते’ म्हणून त्या पाण्यावर जे जुगाड झाले, त्यांची झळ हिवाळ्यात हीटरला लागते.

पुढची माहिती मारुती 800, झेन, अल्टो, वॅगन-आर, सँट्रो अशा जुन्या, दांडी किंवा गोल नॉब असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेललाही बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त डिझेल इंजिन तापायला जास्त वेळ घेतं. गाडी सेकंड हँड असेल तर आधी बॉनेट उघडून एक गोष्ट बघा: इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून अंगठ्याएवढ्या जाड दोन रबरी नळ्या आत जातात का? जात नसतील, तर एक तर त्या मॉडेलात हीटर नव्हताच, किंवा कोणीतरी तो तोडून टाकलाय.

त्या दोन नळ्यांपैकी एकीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते पाणी, गरम होऊन आत जातं. डॅशबोर्डमागे रेडिएटरचंच छोटं भावंड असावं अशी जाळी असते. तिला हीटर कोर म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री ‘हीटर की कॉइल’ म्हणतात. कूलंट तिच्यातून फिरून दुसऱ्या नळीनं परत जातं. ब्लोअर त्या जाळीवर वारा मारतो आणि ऊब आत येते. म्हणजे हीटर चालायला चार गोष्टी लागतात: तापलेलं इंजिन, भरलेलं कूलंट, मोकळी जाळी आणि वारा. बिघाड यातल्याच कुठल्यातरी एकीत असतो.

वाराच येत नाही

ही सगळ्यात सोपी बाजू, म्हणून आधी उरकून घ्या. ब्लोअरचा आवाजच नसेल तर फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर पंख्याचं चित्र किंवा ‘हीटर’ असं लिहिलेलं असतं. फ्यूजचा रंग म्हणजे त्याची क्षमता: निळा 15 अँपिअर, पिवळा 20, हिरवा 30. जळलेल्याच्या जागी त्याच रंगाचा घाला. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळली की पुढच्या खेपेला वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर अडकली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. तिसरा फ्यूज वाया घालवू नका.

ब्लोअर फक्त शेवटच्या, सगळ्यात जोरदार नंबरवर चालतो आणि बाकी नंबरांवर गप्प, असं असेल तर मोटर चांगली आहे, रेझिस्टर गेलाय. हा दोन स्क्रूंवर बसवलेला छोटा भाग ब्लोअरच्या खोक्यातच, बहुधा डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. बदलायला दहा मिनिटं लागतात. कुठल्याच नंबरवर चालत नसेल आणि फ्यूज ठीक असेल, तर नॉब पूर्ण चालू ठेवून मोटरच्या प्लगवर मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या आसपास येत असतील तर मोटरचे कार्बन झिजलेत. येत नसतील तर दोष स्विच, रिले किंवा अर्थिंगच्या वायरमध्ये शोधा. जमलंच तर ब्लोअर खोलून आत डोकावून घ्या. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून पानं उतरतात, आणि उंदीर तिथं कापसाची गादी करतात.

वारा येतो, पण गार

इथून पुढचं काम पाण्याचं. पहिला नियम: रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वर असू शकतं. झाकण सैल झालं की ते वाफ होऊन तोंडावर येतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तपासा.

झाकण काढा. कूलंट थेट मानेपर्यंत दिसलं पाहिजे. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. झाकणाचं रबर गेलेलं असलं की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं सर्रास आढळतं. हीटर कोर बऱ्याच गाड्यांत वाटेच्या उंच भागात येतो. कूलंट अर्धा-पाऊण लिटर जरी कमी झालं तरी हवा तिथं जाऊन बसते आणि हीटर गार पडतो, इंजिनच्या काट्यावर मात्र काही दिसत नाही. पातळी खाली आढळली तर भरून टाकून मोकळे होऊ नका. गेलेलं पाणी कुठे गेलं, हे शोधायचंच आहे. त्यावर पुढे येतोच.

पातळी ठीक असेल तर इंजिन चालू करून पंधरा मिनिटं तापू द्या, बंद गॅरेजमध्ये नाही, उघड्यावर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटरची दांडी पूर्ण गरमवर ठेवा आणि मग त्या दोन नळ्यांना हात लावा, पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही दूर ठेवून.

दोन्ही सारख्या कडकडीत गरम असतील तर जाळीपर्यंत ऊब पोचतेय; दोष हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेत आहे. एक गरम आणि दुसरी कोमट किंवा गार असेल तर जाळीत कूलंट सोडणारा कॉक बंद आहे किंवा जाळी तुंबलीय. दोन्ही गार असतील तर हवा अडकलीय, पाणी फिरत नाहीय, किंवा इंजिनच तापत नाहीय. या एका चाचणीनं निम्मा खर्च वाचतो, कारण ती न करता गेलात की डॅशबोर्ड उतरवण्यापासूनच सुरुवात होते.

आणखी एक खूण चालत्या गाडीत मिळते. शहरात सिग्नलवर उबदार, पण हायवेवर वेग घेतला की गार, असं असेल तर दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचा. उलट, उभ्या गाडीत गार आणि ॲक्सिलरेटर दाबला की उबदार, तर कूलंट कमी आहे, हवा अडकलीय किंवा वॉटर पंपाची पाती झिजलीत.

थर्मोस्टॅट, म्हणजे ‘वॉल्व निकाल दिया’

आपल्या भागात हीटर गार असण्याचं मोठं कारण म्हणजे जागेवर नसलेला थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी तापली की ठरलेला सल्ला मिळतो: ‘वॉल्व निकलवा दो, गाड़ी ठंडी रहेगी.’ थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडायला लागते. ती काढली की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. जानेवारीच्या 6 अंशांच्या पहाटे, समोरून वारा लागत असताना, इंजिन मग तापतच नाही आणि हीटरला देण्यासारखं त्याच्याकडे काही उरत नाही. वर पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो.

गंमत म्हणजे उन्हाळ्याचं काम तरी होतं का? काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतो, आणि गाडी आणखी तापते.

ओळखायचं असं: गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर हात ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. पहिल्या दोन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेली तर तो नाही, किंवा उघडाच अडकलाय.

बाहेर काढणं सोपं आहे. इंजिन गार असताना थोडं कूलंट परातीत उतरवून घ्या, वरची नळी इंजिनला जिथं मिळते तिथल्या झाकणाचे दोन बोल्ट सोडवा. छोट्या गाड्यांत बहुधा 10 किंवा 12 चा पाना लागतो. निघालेला थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या जवळपास झडप हलली पाहिजे, पाणी उकळेपर्यंत चांगली सात-आठ मिलिमीटर उघडली पाहिजे आणि गार झाल्यावर घट्ट मिटली पाहिजे. गार असतानाच फट दिसत असेल तर पातेलं चढवायची गरजच नाही. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

नवा घेताना जुन्यावरचाच आकडा मागा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि कडेला लोंबणारी छोटी पिन असेल तर ती वर. हवा तिथूनच निघते. गॅस्केट किंवा रबर रिंग नवी घाला.

याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘डायरेक्ट’ केलेला रेडिएटरचा पंखा. तापमानाचा स्विच गेला की पंख्याची वायर थेट चावीला जोडून देतात; चावी फिरवली की पंखा सुरू. जूनमध्ये चालून जातं. थंडीत गार इंजिनावर पंखा फिरताना दिसला (आणि एसी बंद असेल) तर समजा, तुमच्याही गाडीत हेच झालंय. स्विच बदलून वायर मूळ जागी आणा.

सीएनजी किट असेल तर

गॅस दाबातून सुटला की गार पडतो, म्हणून सीएनजीच्या रिड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला, गरम कूलंट लागतं आणि ते बहुतेक वेळा याच हीटरच्या नळ्या कापून टी (तीन तोंडांचा जोड) लावून घेतलेलं असतं. टी चुकीच्या बाजूला बसली, नळीला मोड आला किंवा रिड्यूसर पाण्याच्या बाजूनं तुंबला, की हीटरचा वाटा तिथंच संपतो. किट बसवल्यापासून हीटर मंदावला असेल तर डॅशबोर्डला हात लावायच्या आधी या नळ्या एकेक करून चाचपा. सकाळी गॅसवर गाडी झटके देते आणि रिड्यूसरवर बाहेरून दव किंवा बर्फ धरतो, अशी जोडलक्षणं असतील तर गरम पाणी दोघांनाही मिळत नाहीय.

कॉक, केबल आणि झडप

काही गाड्यांत दांडीची केबल कूलंटचा कॉक उघडते, काहींत फक्त हवेची झडप फिरवते. कोणीतरी दांडी इकडून तिकडे सरकवावी आणि तुम्ही बॉनेटखाली बघावं. केबल हलते पण कॉक हलत नाही, तर केबलच्या बाहेरच्या आवरणाची क्लिप सुटलीय. पक्कड घेऊन दोन मिनिटांत बसते. कॉकच जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा आणि हातानं हळूहळू खेळवा. जोर लावला की जुना प्लॅस्टिकचा कॉक तुटतो. आतली झडप डॅशबोर्डखाली, पायांच्या बाजूनं दिसते.

तुंबलेली जाळी

ज्याच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यानं गिझरची कांडी बघितलेलीच असते. तिच्यावर जमतो तसाच पांढरा थर साध्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात जमतो. हीटर कोरच्या नळ्या बारीक, आणि आपल्याकडे कॉक दहा महिने बंद. गाळ निवांत बसतो. त्यात रेडिएटर गळला म्हणून कोणी हळद टाकली असेल तर विचारायलाच नको. हळद भोक बुजवते हे खरं, पण ती कुठलं भोक बुजवायचं हे विचारून घेत नाही. बाजारातल्या लीक थांबवणाऱ्या पुड्यांनाही हेच लागू.

धुवायची पद्धत अशी. गार इंजिनावर दोन्ही नळ्यांच्या क्लिपा सैल करा. कुठली आत जाणारी आणि कुठली येणारी, ते दोऱ्यानं खूण करून ठेवा. रबर चिकटलं असेल तर पिळून ओढू नका, कोरचा पाइप मुरगळतो. ब्लेडनं नळी लांबीत चिरा आणि नवी घाला, ती स्वस्त आहे. आता परत येणाऱ्या बाजूनं, म्हणजे उलट दिशेनं, बागेच्या नळीचं पाणी हळू सोडा. पाण्याची मोटर किंवा कॉम्प्रेसर थेट लावू नका. वीस वर्षांच्या जाळीचा सांधा उसवायला तेवढं पुरतं. लालसर, गाळाचं पाणी येईल. थोड्या वेळानं दिशा बदला, मग पुन्हा उलटी.

नुसत्या पाण्यानं धार मोकळी होत नसेल तर लिंबूसत्व वापरा: एक लिटर कोमट पाण्यात 30 ग्रॅम विरघळवून जाळीत भरा, अर्धा तास ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा आणि शेवटी एक लिटर डिस्टिल्ड पाणी फिरवा. संडास धुण्याचं ॲसिड कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. ते ॲल्युमिनियम खातं. दोनदा करूनही धार बारीकच असेल तर जाळी बदलण्याखेरीज इलाज नाही, आणि ते डॅशबोर्ड उतरवायचं काम आहे, दिवसभराचं. ते पहिल्यांदाच करणाऱ्यानं एकट्यानं अंगावर घेऊ नये.

भरणं आणि हवा काढणं

सगळं नीट करून हीटर गार राहिला, तर चूक बहुधा इथं होते.

छोट्या गाड्यांत एकूण कूलंट साधारण साडेतीन ते पाच लिटर मावतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये धुतलेलं पाणी बरंच उरतं. म्हणून धुतल्यानंतर तयार मिसळलेलं कूलंट घालू नका, ते आणखी पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट घ्या. एकूण चार लिटर मावत असेल तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वर डिस्टिल्ड पाणी. अर्धं-अर्धं मिश्रण उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याला त्याचा काय उपयोग, असं म्हणणारे असतात. आपल्याला हवा असतो तो त्यातला गंजरोधक आणि वाढलेला उकळबिंदू. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नका, आणि केवळ रंग सारखा म्हणून जात सारखी असं समजू नका.

गाडीचं नाक थोडं वर येईल असं उभं करा. घराच्या फाटकातला उतार पुरतो. दांडी पूर्ण गरमवर ठेवा. नरसाळ्यानं हळूहळू भरा, मधे मधे वरची जाड नळी हातानं दाबा, बुडबुडे येतील. इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल ठेवा आणि सलग धार आली की आवळा. झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा, पातळी उतरेल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. पाणी मानेवर यायला लागलं की लगेच झाकण लावा आणि पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, पुन्हा पातळी बघा; पाव-अर्धा लिटर आणखी बसतं. त्यानंतर झाकण उघडं असताना बुडबुडे थांबतच नसतील, पाणी रोज कमी होत असेल आणि धूर पांढरा असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेल्याचा संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा. ऑइलच्या झाकणाखालची दुधट साय एकटीच दिसली तर घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दवानंही येते.

पाणी कुठे जातं

डाव्या सीटपुढची चटई ओली, गाडीत गोडसर वास आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर: हीटर कोर गळतोय. नवी जाळी मिळेपर्यंत दोन्ही नळ्या एका पाइपनं एकमेकींना जोडून जाळी वगळता येते. चार दिवसांसाठी हे ठीक. बऱ्याच गाड्या मात्र तशाच वर्षानुवर्षं चालतात आणि पुढच्या मालकाला हीटर का चालत नाही हे कळत नाही.

या मधल्या दिवसांत पहाटे निघायची वेळ आलीच, तर काचेसाठी आतली हवा फिरवणारा पर्याय बंद करून बाहेरची हवा घ्या, वारा काचेवर सोडा, एसी चालू ठेवा आणि एक खिडकी बोटभर उघडा. एसी हवेतली ओल काढतो. काच श्वासाच्या ओलीनंच धुरकट होते. उबेसाठी सिगडी गाडीत घेऊ नका, विझत आलेलीसुद्धा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चवीला ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, वर्कशॉपमध्ये द्या.

हीटर चालू झाला की फेब्रुवारीत त्याला विसरू नका. महिन्यातून एकदा, इंजिन गरम असताना, दांडी दोन मिनिटं पूर्ण लालवर न्या आणि परत आणा. कॉक जाम होत नाही, जाळीत गाळ बसत नाही. मे महिन्यात दुपारी ग्वाल्हेरातल्या पडाव भागाच्या गर्दीत अडकलात आणि काटा वर चढायला लागला, तर एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण जोरावर चालू करा. घामाघूम व्हाल, पण तेवढी उष्णता इंजिनातून निघते आणि काटा बहुधा थांबतो. नाहीच थांबला, तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.